घोड्याला स्तब्ध उभं राहायला शिकवताना : एका स्वयंसेवी घोडदळाचं वार्षिक शिबिर

भाकरी का करपली, पान का सडलं, घोडा का अडला? तिन्हींचं उत्तर एकच : न फिरवल्यामुळे. हे कोडं आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकलेलं असतं. पुढे आयुष्यात घोड्याशी संबंध येत नाही, म्हणून त्यातला तिसरा प्रश्न नुसता पाठ राहतो. पण घोडा खरंच अडतो. आठवडाभर पागेत उभा राहिलेला आणि रविवारी एकदम बँडच्या मागे नेऊन उभा केलेला घोडा पहिल्या ढोलाला बुजतो, दुसऱ्याला मागे सरतो आणि तिसऱ्याला त्याच्या पाठीवर कोण बसलंय याची पर्वा करत नाही. घोडदळाची वार्षिक शिबिरं भरतात ती यासाठीच.

उदाहरणासाठी मी अमेरिकेतलं कनेक्टिकट राज्य घेतो. तिथे ‘गव्हर्नर्स हॉर्स गार्ड’ या नावाच्या घोडेस्वारांच्या दोन तुकड्या आजही आहेत. पहिली तुकडी हार्टफर्डजवळच्या एव्हन गावात, तिची सनद १७८८ ची. दुसरी न्यूटाउनमध्ये, तिची सनद १८०८ ची. राज्यपालांच्या समारंभात, सैनिकांच्या स्मृतिदिनी, गावोगावच्या संचलनात हे स्वार गणवेशात दिसतात. हार्टफर्ड हे विमा कंपन्यांचं शहर. त्यांच्या संगणकाच्या कामावर गेलेल्या मराठी माणसांनी तिथल्या एखाद्या संचलनात हे घोडे पाहिलेही असतील. पाठीवर बसलेला माणूस मात्र पूर्णवेळ सैनिक नसतो. तो शिक्षक असेल, नर्स असेल, सुतार असेल. आठवड्यातली एक संध्याकाळ तो घोड्यांना देतो आणि वर्षातून एकदा सलग काही दिवस शिबिराला. तुकडीत यायला घोडेस्वारी आधीपासून येत असावी अशी अटही नाही, तिथेच शिकवतात.

मग हे सैन्य आहे की हौस? दोन्ही नाही. हा ‘मिलिशिया’ आहे, आणि तो समजला तरच शिबिराचा अर्थ लागतो.

मिलिशियाला सर्वांत जवळची आपल्याकडची गोष्ट म्हणजे होमगार्ड. होमगार्डची सुरुवात १९४६ च्या डिसेंबरात मुंबईत झाली : आपापला कामधंदा सांभाळणारे नागरिक, थोडं प्रशिक्षण, अंगावर गणवेश आणि राज्याने हाक दिली की हजर. अमेरिकेतल्या वसाहतींमध्ये हीच कल्पना त्याच्याही कितीतरी आधीपासून होती, फक्त तिथे ती ऐच्छिक नव्हती. गावातल्या धडधाकट पुरुषाने ठरलेल्या दिवशी शस्त्र घेऊन मैदानावर यायचं, हजेरी द्यायची, कवायत करायची. इंग्लंडच्या राजाचं खडं सैन्य डोक्यावर बसलेलं पाहिलेल्या लोकांना खड्या सैन्याची धास्ती होती, म्हणून नवं राष्ट्र झाल्यावरही भर मिलिशियावर राहिला. कनेक्टिकटच्या राज्यघटनेत राज्यपालाला आजही मिलिशियाचा ‘कॅप्टन जनरल’ म्हटलेलं आहे.

१७९२ च्या मिलिशिया कायद्यातलं घोडेस्वाराचं कलम मला फार आवडतं. त्यात स्वाराने स्वतःच्या खर्चाने काय काय आणायचं याची यादीच आहे : किमान साडेचौदा हात उंचीचा कामाचा घोडा, चांगलं खोगीर आणि लगाम, बूट आणि टाचेचे काटे, पिस्तुलांची जोडी, तलवार आणि बारा काडतुसं मावतील अशी पेटी. इथला ‘हात’ म्हणजे चार इंच, तेव्हा साडेचौदा हात म्हणजे खांद्याशी मोजलेली साधारण १४७ सेंटिमीटर उंची.

मराठी वाचकाला हे वाचताना लगेच शिलेदार आठवेल. शिवकालीन घोडदळात दोन प्रकारचे स्वार होते. बारगीर म्हणजे ज्याला घोडा आणि हत्यार सरकारी पागेतून मिळायचं तो. शिलेदार म्हणजे स्वतःचा घोडा, स्वतःचं हत्यार घेऊन येणारा. १७९२ चा अमेरिकन स्वार हा शिलेदार होता. आज एव्हन किंवा न्यूटाउनच्या पागेत येणारा स्वार बारगीर आहे, कारण घोडे तुकडीचे असतात. हा फरक वरवरचा नाही. शिलेदार आपल्या घोड्याला ओळखतो, त्यालाच वर्षभर नांगराला आणि गाडीलाही जुंपत असतो. बारगिराला दर वेळी वेगळ्या घोड्याशी जुळवून घ्यावं लागतं, आणि घोड्यालाही वेगळ्या माणसाशी. त्या जुळवणुकीला वेळ लागतो. शिबिर म्हणजे तो वेळ.

त्यातच हे बहुतेक घोडे देणगीतून आलेले. कुणी शर्यतीतून निवृत्त झालेला, कुणी उड्यांच्या स्पर्धेतला, कुणी मुलगी कॉलेजला गेली म्हणून घरच्यांनी दिलेला. प्रत्येकाचं आधीचं शिक्षण वेगळं, प्रत्येकाच्या भीत्या वेगळ्या. आपल्याकडे सारंगखेड्याच्या बाजारात घोडा पारखताना अंगावरचे भोवरे पाहतात, कानांचा बाक पाहतात, चाल पाहतात. समारंभाच्या तुकडीला घोडा पारखताना सगळ्यात आधी एकच पाहायचं असतं : याच्या पायाशी अचानक छत्री उघडली तर हा काय करेल?

या तुकड्या नेहमीच शोभेच्या नव्हत्या. १९०३ च्या कायद्याने मिलिशियाचा मोठा भाग नॅशनल गार्ड म्हणून केंद्राच्या व्यवस्थेशी जोडला गेला. १९१६ मध्ये मेक्सिकोच्या सीमेवर तणाव झाला तेव्हा कनेक्टिकटचे स्वार ॲरिझोनातल्या नोगालेसपर्यंत गेले होते. पुढच्याच वर्षी पहिल्या महायुद्धासाठी त्यांचे घोडे काढून घेतले आणि माणसांची मशिनगन पलटण बनवली, १०१ वी. घोडदळाची गोष्ट तिथेच संपत आली होती. अमेरिकी सैन्याने घोड्यावरून केलेला शेवटचा हल्ला मानतात तो जानेवारी १९४२ मध्ये फिलिपिन्समधल्या मोरोंगचा. तो हल्ला करणाऱ्या रेजिमेंटचे घोडे पुढे तिथल्याच बटान द्वीपकल्पावर जपान्यांच्या वेढ्यात उपासमार टाळण्यासाठी मारून खावे लागले. ते वाचल्यावर मला दोन दिवस दुसरं काही वाचवलं नव्हतं.

युद्धातून घोडा गेला, पण काही राज्यांनी त्याला समारंभात ठेवलं. शेजारच्या मॅसॅच्युसेट्सची ‘नॅशनल लान्सर्स’ ही १८३६ ची तुकडी दर एप्रिलमध्ये पॉल रिव्हिअरच्या १७७५ मधल्या रात्रीच्या दौडीची, म्हणजे इंग्रज फौज येतेय हे गावोगाव सांगत गेलेल्या स्वाराच्या दौडीची, पुनरावृत्ती करते. फिलाडेल्फियाची ‘फर्स्ट सिटी ट्रूप’ तर १७७४ ची. तिचे सदस्य आजही नॅशनल गार्डचे खरे सैनिक आहेत आणि कवायतीचा भत्ता घरी न नेता तुकडीलाच देतात. आपल्याकडचं ६१ वं घोडदळ १९५३ मध्ये संस्थानांच्या घोडदळांतून उभं राहिलं आणि त्यात शिंद्यांच्या ग्वाल्हेरच्या लान्सर्सचाही वाटा आहे, पण ते पूर्णवेळ फौजेचं दल आहे. कनेक्टिकटचे हे स्वार मात्र फक्त राज्याच्या हाताखाली आहेत आणि सोमवारी सकाळी आपापल्या नोकरीवर जातात.

सगळ्यात अवघड धडा

समारंभातल्या घोड्याचं सगळ्यात अवघड काम कोणतं, असं विचारलं तर बहुतेक लोक म्हणतील, चौखूर दौडणं. दौडणं घोड्याला जन्मतः येतं. अवघड आहे ते एका जागी उभं राहणं. भाषण चाललंय, झेंडा फडफडतोय, तोफेची सलामी होणार आहे, मुलाच्या हातून फुगा सुटलाय, आणि घोड्याने वीस मिनिटं पाय हलवायचा नाही.

हे इतकं अवघड का, ते घोड्याच्या शरीरात दडलंय. घोडा हा शिकार होणारा प्राणी. त्याच्याकडे शिंगं नाहीत, नखं नाहीत. बचावाचा एकच मार्ग, पळणं. त्यामुळे त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि जवळजवळ सभोवतालचं सगळं त्याला एकाच वेळी दिसतं. फक्त दोन जागा दिसत नाहीत : कपाळाच्या अगदी समोरची आणि शेपटीच्या थेट मागची. ‘घोड्याच्या मागून आणि साहेबाच्या पुढून जाऊ नये’ ही म्हण साहेबाबद्दल किती खरी ते सोडा, घोड्याबद्दल शंभर टक्के खरी आहे. मागच्या आंधळ्या जागेतून अचानक आवाज आला तर घोड्याला तो माणूस आहे की वाघ हे कळत नाही, आणि खात्री करून घेत बसणारे घोडे उत्क्रांतीत शिल्लक राहिले नाहीत.

घोड्याला रंगही आपल्यासारखे दिसत नाहीत. निळा आणि पिवळा कळतो, तांबडा आणि हिरवा वेगळा काढणं त्याला जड जातं. उजेडातून अंधारात गेल्यावर त्याचे डोळे रुळायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. त्यामुळे रस्त्यावरची पांढरी पट्टी, गटाराचं लोखंडी झाकण, झाडाची काळी सावली हे आपल्याला दिसतही नाही अशा गोष्टींपाशी घोडा थबकतो. स्वाराला वाटतं, हा हट्टी आहे. घोड्याला वाटतं, पुढे खड्डा आहे.

आता शिकवायचं कसं? इथे दोन साध्या तत्त्वांवर सगळं उभं आहे.

पहिलं तत्त्व : घोडा दाबातून शिकत नाही, दाब सुटण्यातून शिकतो. स्वाराने पोटरीने हलकेच दाबलं, घोडा पुढे निघाला की त्याच क्षणी पोटरी सैल व्हायला हवी. ती सैल झाली म्हणजे ‘बरोबर केलंस’. सैल करायला दोन सेकंद उशीर झाला तर घोड्याला कळतच नाही की त्याने नेमकं काय बरोबर केलं. पोटरी सतत दाबूनच ठेवली तर थोड्याच दिवसांत तो ती जाणवेनाशी करून टाकतो. नवशिक्या स्वारांचे घोडे ‘मठ्ठ’ होतात ते असे. मठ्ठपणा घोड्याचा नसतो, न सुटलेल्या दाबाचा असतो. आठवड्यातल्या एका संध्याकाळी हा हिशेब अंगात मुरत नाही. तास-दीड तास तर खरारा करण्यात, खोगीर चढवण्यात आणि शेवटी सगळं पुसून ठेवण्यातच जातो. सलग चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ खोगिरावर बसलं की मांडीला ते कळायला लागतं, डोक्याला कळण्याच्या आधी.

दुसरं तत्त्व सवयीचं. घोड्याला ज्याची भीती वाटते ती गोष्ट एकदम जवळ आणायची नाही. आधी दूर, इतकी दूर की तो कान टवकारतो पण पाय हलवत नाही. तो मान खाली घालेपर्यंत, जबडा चावल्यासारखा हलवेपर्यंत थांबायचं, मग एक पाऊल जवळ. शिबिराच्या मैदानात या कामासाठी मांडलेला पसारा पाहिला तर एखाद्याला जत्रा वाटेल : काठीला बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, जमिनीवर अंथरलेली निळी ताडपत्री, उघडझाप करणाऱ्या छत्र्या, बाबागाडी, कर्णा, ड्रम, धुराची नळकांडी, मोठाले झेंडे. ताडपत्रीवरून चालायला लावणं हा त्यातला मोठा धडा, कारण पायाखाली वाजणारी चकचकीत जमीन घोड्याच्या लेखी पाणी असू शकते आणि पाणी किती खोल ते त्याला दिसत नाही. तलवारीचाही सराव असतो. म्यानातून पातं निघताना होणारा आवाज आणि डोळ्याच्या कोपऱ्यात चमकणारं लोखंड, शिवाय दर पावलाला कुशीवर आपटणारं म्यान, हे सगळं आधी जमिनीवर उभं राहून दाखवायचं, मग पाठीवर बसून.

यात सगळ्यात कामाचा शिक्षक माणूस नसतो, म्हातारा घोडा असतो. दहा-बारा वर्षं संचलनं केलेला घोडा ताडपत्रीवरून शांतपणे गेला की बिचकणारा त्याच्या मागोमाग जातो. कळपाचा प्राणी आहे तो. शेजारी घाबरला नाही, म्हणजे घाबरण्यासारखं काही नाही. म्हणून तुकडीची रांग लावताना नवा घोडा दोन अनुभवी घोड्यांच्या मध्ये घालतात.

आणि म्हणूनच एक घोडा उधळला की सगळे उधळू शकतात. २४ एप्रिल २०२४ ला लंडनमध्ये ते जगाने पाहिलं. ब्रिटिश राजघराण्याच्या घोडदळाचे घोडे सकाळच्या रपेटीला निघाले होते, बेलग्रेव्हिया भागात एका बांधकामावर राडारोडा धडाडत खाली पडला आणि घोडे बिथरले. स्वार खाली पडले, काही घोडे शहराच्या भर रहदारीतून धावत सुटले, गाड्यांवर आपटले, आणि शेवटी पार पूर्वेला लाइमहाउसपाशी पकडले गेले. रक्ताने माखलेल्या त्या पांढऱ्या घोड्याचा फोटो अनेकांना आठवत असेल. हे घोडे रोज सराव करणारे, व्यावसायिक सैनिकांचे होते. त्याच दलाचं दर उन्हाळ्यात नॉरफकला शिबिर असतं. तिथे लंडनच्या डांबरावरून सुटका झालेल्या घोड्यांना मोकळ्या मैदानात दौडवतात आणि होल्कमच्या किनाऱ्यावर समुद्रात नेतात. रोज कवायत करणाऱ्यांनाही ते लागतं, तर आठवड्यातून एकदा भेटणाऱ्यांना किती लागत असेल.

एक हात लगामाला

स्वाराच्या शिक्षणाबद्दल थोडं. साध्या रपेटीत आपण दोन हातांनी लगाम धरतो. डावीकडे वळायचं तर डावा लगाम. घोडदळात उजव्या हातात तलवार, भाला किंवा निशाण असतं, म्हणून दोन्ही लगाम डाव्या हातात. मग वळवायचं कसं? लगाम मानेवर टेकवून. उजवा लगाम मानेला लागला की घोड्याने डावीकडे वळायचं. पोलो पाहिलेल्यांना हे माहीत असेल. उड्यांच्या स्पर्धेतून आलेल्या घोड्याला मात्र ही भाषाच नवी, आणि दोन हातांनी शिकलेल्या स्वारालाही. दोघांनी एकाच वेळी ती शिकायची, म्हणजे आंधळ्याने पांगळ्याला वाट दाखवण्यातला प्रकार. त्यासाठी शिबिरात जोड्या विचार करून लावतात : नवा स्वार आणि जुना घोडा, जुना स्वार आणि नवा घोडा. नवा-नवा कधीच नाही. घोड्यावर डाव्या बाजूनेच चढण्याची रीतही तलवारीतूनच आली असं मानतात. ती डाव्या कुशीला लटकायची, उजवीकडून चढलात तर पायात येणार.

मग रांगेची कवायत. इथे मी जरा भूमिती सांगतो. आठ स्वार गुडघ्याला गुडघा लावून एका ओळीत आहेत आणि सगळ्या ओळीला काटकोनात वळायचं आहे. एका स्वाराला साधारण मीटरभर जागा धरली तर ओळ आठ मीटर लांब. आतल्या टोकाचा घोडा जवळपास जागच्या जागी फिरतो. बाहेरच्या टोकाच्या घोड्याला मात्र त्याच वेळात साडेबारा मीटर जायचं असतं. म्हणजे आतला पाय मोजत चालतोय, मधला चालीत आहे आणि बाहेरचा दुडक्या चालीत, तरीही ओळ सरळ दिसली पाहिजे. बघणाऱ्याला दारासारखी फिरणारी एक सुरेख ओळ दिसते. आत प्रत्येक स्वार शेजाऱ्याच्या गुडघ्यावर डोळा ठेवून घोड्याला मिलिमीटरने आवरत असतो, आणि बाहेरचा घोडा ‘मला पळायला सांगितलं, मग थांबवता कशाला’ म्हणून तोंड वर करत असतो. ही एक चाल नीट बसायला अख्खी सकाळ जाते. आणि ओळीचा वेग नेहमी सगळ्यात हळू घोड्याचा ठरतो, सगळ्यात तेज घोड्याचा नाही.

उन्हाळा, पोट आणि गोचीड

शिबिरातला निम्मा दिवस घोड्यावर बसण्यात जात नाही, घोड्याखाली जातो. पहाटे आधी दाणा-वैरण घोड्यांना, मग न्याहारी माणसांना. लीद काढणं, पाणी भरणं, खुरातले खडे काढणं, तंगाखालचं, म्हणजे खोगिराच्या पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्याखालचं, कातडं हात फिरवून पाहणं.

पाचशे किलोच्या घोड्याला रोज साडेसात ते दहा किलो सुकी वैरण आणि साध्या हवेतही पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागतं. तीस घोड्यांचं पाणी म्हणजे किती, ते करून बघा. सभासदाच्या बखरीत दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी (पाणी भरणारा) आणि एक नालबंद (नाल ठोकणारा) नेमल्याचं सांगितलंय ते उगाच नाही. ज्याने ते ठरवलं त्याला घोडा कळत होता. नालबंद आजही दर सहा ते आठ आठवड्यांनी लागतो, कारण खूर नखासारखं वाढत राहतं.

घोड्याला ओकारी येत नाही. त्याची अन्ननलिका जठराला मिळते तिथली झडप तसं होऊच देत नाही. त्यामुळे पोटात काही बिघडलं तर ते वरून बाहेर पडायचा रस्ता बंद, आणि साधा वाटणारा पोटशूळ घोड्याचा जीव घेऊ शकतो. जागा बदलली, वैरण बदलली, पाण्याची चव बदलली की हा धोका वाढतो, आणि शिबिरात नेमकं हेच सगळं बदलतं. म्हणून प्रत्येक स्वाराला कुशीला कान लावून आतड्यांचा आवाज ऐकायला शिकवतात. गुडगुड ऐकू आली तर बरं. शांतता वाईट. घोडा वळून वळून कुशीकडे बघतोय, पुढच्या पायाने जमीन उकरतोय, खाणं सोडून देतोय, असं दिसलं तर पशुवैद्याला लगेच बोलवायचं. नाडी किती, ताप किती, हेही स्वारालाच पाहता आलं पाहिजे. निवांत उभ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४४ असतात.

उन्हाळ्यात कनेक्टिकटची हवा दमट. घोडेवाले एक सोपा हिशेब करतात : फॅरनहाइटमधलं तापमान अधिक आर्द्रतेचा टक्का. बेरीज १५० च्या वर गेली तर काम कमी, विश्रांती आणि पाणी जास्त. १८० च्या वर गेली तर खोगीर चढवूच नये. ८८ अंश आणि ७० टक्के आर्द्रता म्हणजे १५८. अशी दुपार तिथे ऑगस्टमध्ये काही विशेष नाही. म्हणून कवायत सकाळी लवकर, आणि दुपारी सावलीत बसून खोगिराला तेल लावणं, लगामाचं लोखंड घासणं, इतिहासाचा वर्ग.

खोगीर हा तर स्वतंत्र विषय. देणगीतून आलेल्या घोड्यांच्या पाठी एका मापाच्या नसतात. कुणाचा खांदा उंच, कुणाची पाठ पसरट. न बसणारं खोगीर चार दिवसांत पाठीला जखम करतं. मग आत गाद्या भराव्या लागतात. आपण ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी गर्दीसाठी वापरतो, पण चांगली भरती घोड्याची पाठ वाचवते. वजनाचाही नियम आहे : स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक पंचमांशाच्या वर जाऊ नये. पाचशे किलोच्या घोड्यावर शंभर किलो, त्यात खोगीर, बूट आणि तलवार धरून.

आणि गोचीड. लाइम नावाचा जो आजार जगभर ओळखला जातो त्याचं नाव कनेक्टिकटच्याच लाइम गावावरून पडलं. १९७५ च्या सुमाराला त्या परिसरातल्या मुलांमध्ये सांधेदुखी वाढलेली दिसली आणि शोध सुरू झाला. राज्याच्या नॅशनल गार्डचं जुनं तळमैदान नायँटिकला आहे आणि ते ईस्ट लाइम गावात येतं. लाइम घोड्यालाही होतो, माणसालाही. म्हणून संध्याकाळचा खरारा हा केवळ लकाकीसाठी नसतो. बोटं अयाळीच्या मुळाशी, जबड्याखाली, शेपटीच्या बुडाशी फिरवायची आणि एकेक गोचीड काढायचा. डासांमुळे होणारे मेंदूज्वरही त्या भागात आहेत, म्हणून लसी आधी टोचलेल्या हव्यात.

गाडीत चढणं हीसुद्धा शिबिरातली एक परीक्षा. संचलनाचं गाव तीस-चाळीस मैलांवर असतं, घोडे ट्रेलरमधून न्यायचे असतात. अंधारी, अरुंद, पायाखाली पोकळ वाजणारी पेटी. घोड्याच्या भीतीच्या यादीतलं सगळं एकत्र. चाबकाने चढवलेला घोडा त्या दिवशी चढतो आणि पुढे कधीच आपखुशीने चढत नाही. चांगले प्रशिक्षक त्याला तोबऱ्यात दाणा देऊन पुढचे दोन पाय आत, मग बाहेर, पुन्हा आत, असं तासभर करतात आणि त्या दिवशी कुठेही नेत नाहीत.

हा सगळा खर्च कशाला, असा प्रश्न कनेक्टिकटमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पाच्या वेळी उठलेला आहे. प्रश्न रास्त आहे. वैरण, नालबंद, पशुवैद्य यांना पैसा लागतो, आणि त्यातला बराच भार स्वयंसेवक आणि त्यांचे पाठीराखे देणग्यांतून उचलतात. माझं मत विचाराल तर ही माणसं जे जपतात ते पुस्तकात लिहून ठेवता येत नाही. पोटरी कधी सैल करायची हे हातातून हातात, मांडीतून मांडीत जातं. एक पिढी तुटली की ते गेलं. आपल्याकडे ते किती गेलंय ते लग्नाच्या वरातीत दिसतं. मी लहान असताना आमच्या गल्लीत फटाक्यांच्या माळेने उधळलेली घोडी पाहिली आहे. पुढचे पाय हवेत, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतोय, मोतद्दार लगामाला लोंबकळतोय आणि लोक मोबाइल नव्हते म्हणून नुसते ओरडताहेत. त्या घोडीला कुणी कधी लांबून, हळूहळू, एक पाऊल जवळ आणत फटाका ऐकवला नव्हता. तिची चूक काहीच नव्हती. ज्या मातीत शिलेदार आणि बारगीर हे शब्द जन्मले, पावसाळ्यात छावणीत घोडे पोसून दसऱ्याला मुलूखगिरीला निघायची शिस्त होती, तिथल्या घोड्यांना आज आपण याहून बरं काही देऊ शकतो. वरातीला घोडी देणाऱ्यांनी पावसाळ्याच्या रिकाम्या महिन्यांत असा आठ दिवसांचा सराव घ्यायचा ठरवला तर त्याला ताडपत्री, छत्र्या, एक ताशा आणि एक म्हातारी शांत घोडी एवढंच लागेल.

अशा शिबिराच्या शेवटच्या दिवशी साधारणपणे पाहणी असते. ओळ लागते, अधिकारी एका टोकापासून चालत येतो, एकेका घोड्यासमोर थांबतो. बकलं चकाकताहेत का, तंग नीट आहे का, अयाळ विंचरली आहे का. तो खुरापर्यंत वाकून पाहतो. माश्या असतात, ऊन असतं, दूरवर कुणीतरी गाडीचं दार आपटतं. शेपट्या हलतात, एखादा कान मागे जातो, पण पाय हलत नाहीत. मग हुकूम होतो, स्वार उतरतात, तंग सोडतात, खोगीर उचलून घेतात. पाठीवर घामाचा खोगिराच्या आकाराचा काळा डाग असतो. लगाम निघतो आणि मैदानाचं फाटक उघडतं. पाचच मिनिटांपूर्वी दगडासारखा उभा असलेला घोडा चार पावलं जातो, जमीन हुंगतो, गुडघे दुमडतो आणि धुळीत पाठ टेकून चारही पाय वर करून लोळायला लागतो.